नागपूरच्या फुटाळा तलावावर काढलेल्या सूर्याच्या फोटोत शेजारी हिरवा गोळा दिसतोय. हा दुसरा सूर्य आहे का?

तुमचा फोटो मी मोठा करून दोन-तीनदा पाहिला. डावीकडे वर मावळतीचा सूर्य आणि उजवीकडे खाली, पाण्याच्या जरा वर, बोराएवढा हिरवा गोळा. तुम्ही लिहिलंय की फोटो काढताना तो डोळ्यांना दिसला नव्हता, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा निबिरू नावाच्या काल्पनिक ग्रहाचा मेसेज वाचून आई घाबरल्या आहेत. आधी आईंना सांगा: तो गोळा आकाशात नव्हताच. तो तुमच्या मोबाइलच्या भिंगात तयार झाला.

खात्री करून घ्यायची असेल तर फोटोवर पट्टी ठेवा. सूर्यापासून निघून फोटोच्या बरोबर मध्यबिंदूतून जाणारी रेघ धरा. मध्याच्या पलीकडे, जवळपास तेवढ्याच अंतरावर गोळा सापडेल. तुमच्या फोटोत तो तिथेच आहे. आकाशातल्या वस्तूला तुमच्या फोटोचा मध्य कुठे आहे याचं काय देणंघेणं? फक्त फोटो कापलेला नसावा, कारण कडा कापल्या की मध्य सरकतो आणि हिशोब चुकतो.

मी तीस वर्षं नागपुरात लग्नांचे फोटो काढले. फिल्मच्या काळात एका नवरीच्या गालावर असाच हिरवा ठिपका आला होता. मागे व्हिडिओवाल्याचा हॅलोजन होता आणि मी लेन्सवरचा हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी कड, घरी विसरलो होतो. त्या मुलीच्या वडिलांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी यामागचं कारण शोधायला लागलो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकामागे एक पाच-सहा बारीक भिंगं असतात, पुढे काच असते, मागे उजेड टिपणारा सेन्सर. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा उजेड मागे फिरतो. साध्या काचेवरून तो सुमारे ४ टक्के फिरतो, म्हणून भिंगांवर लेप देतात आणि तो १ टक्क्याच्या खाली येतो. बाकी उजेडासाठी एवढं पुरतं, सूर्यासाठी नाही. सूर्याचा तो उरलेला अंश सेन्सर आणि भिंगाच्या मध्ये उड्या मारून पुन्हा सेन्सरवर पडतो आणि सूर्याची एक फिकी, उलटी प्रतिमा उमटते. चष्म्याच्या अँटिग्लेअर काचेवर हिरवट झाक दिसते ना, रंगाचं कारण तेच. आमच्या धंद्यात याला घोस्ट म्हणतात. नावामुळे आईंना उगाच भीती वाटेल, त्यांना सांगू नका.

ती उलटी प्रतिमा खरोखर सूर्याचीच असते हे मला पटलं २५ ऑक्टोबर २०२२ ला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं ते ग्रस्तास्त ग्रहण नागपूरकरांना आठवत असेल, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला होता. आमच्या गल्लीतल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. सगळ्यांत सूर्य म्हणजे नुसता पांढरा भडका, कोर कुठे दिसेना. पण मध्याच्या पलीकडे पडलेल्या हिरव्या ठिपक्यात ग्रहण स्वच्छ दिसत होतं, फक्त उलटं! घोस्ट फिका असल्यामुळे तो भडकत नाही, म्हणून आकार टिकतो. त्या दिवसापासून त्या ठिपक्यावर माझा जीव आहे.

उद्या संध्याकाळी पुन्हा जा. मोबाइल जागेवरच हळू डावी-उजवीकडे वळवा आणि फक्त स्क्रीनवर पाहा. गोळा सूर्याच्या उलट दिशेला सरकेल. मग विजेच्या खांबाआड उभे राहून सूर्य झाका, गोळा नाहीसा होईल. आकाशातली वस्तू अशी नाहीशी होत नाही. उदाहरणार्थ, उंचावरच्या ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे सूर्याला खळं पडतं, कधी दोन्ही बाजूंना सुमारे २२ अंशांवर चकाकते तुकडे दिसतात. हात लांब करून पसरलेल्या वितीएवढं ते अंतर. सूर्य झाकला तरी ते तुकडे तिथेच राहतात आणि डोळ्यांनाही दिसतात. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून मात्र सूर्याकडे कधीच पाहू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

सूर्यावर खऱ्या वस्तूही दिसतात, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. मे २०२४ मधला सौरडागांचा एक समूह पृथ्वीच्या सुमारे १५ पट रुंद होता, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांना दिसत होता. ६ जून २०१२ च्या सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून गेला, तो सूर्याच्या रुंदीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा काळा ठिपका होता. असं पुढचं अधिक्रमण २११७ मध्ये. अवकाश स्थानक सूर्यासमोरून गेलं तर सेकंदभरातच निघून जातं. घारी, विमानं आणि संक्रांतीच्या दिवसांत पतंग तर आहेतच.

तुम्ही शेवटी विचारलंय की नासाच्या फोटोंतही बशीसारख्या वस्तू दिसतात, त्यांचं काय. सूर्यावर नजर ठेवायला १९९५ मध्ये गेलेलं सोहो यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे, आपलं आदित्य-एल१ ही त्याच भागात फिरतं. सोहोच्या एका कॅमेऱ्यात चकती लावून सूर्य झाकतात. त्यामुळे शेजारचे ग्रह दिसतात, पण ते इतके तेजस्वी ठरतात की सेन्सरमधला विद्युतभार आडव्या ओळीत सांडतो आणि ग्रहाच्या दोन्ही बाजूंना रेघ निघते. झाली बशी! पांढरे ठिपके आणि ओरखडे म्हणजे सेन्सरवर आदळलेले वेगवान कण. काळे चौकोन म्हणजे पृथ्वीपर्यंत न पोहोचलेली माहिती. पण याच फोटोंतून ५,००० हून अधिक धूमकेतू सापडले, त्यातले कितीतरी घरी बसून फोटो चाळणाऱ्या हौशी माणसांनी शोधले. म्हणून विचित्र ठिपका दिसला की विचारणाऱ्याला मी कधी हसत नाही.

मार्च २०१२ चा सूर्याचा एक व्हिडिओ आहे, तो मात्र वेगळा. सूर्याच्या कडेला चिकटलेला काळा गोल, सूर्यातून ओढल्यासारखी एक दोरी, आणि मग गोल उडून जातो. तो कॅमेऱ्याचा दोष नव्हता, ते खरंच घडलं. सूर्याच्या बाहेरच्या तप्त, विरळ वातावरणात चुंबकीय क्षेत्र कधी तुलनेने थंड, दाट वायू उचलून धरतं. त्याच्या वर एक विरळ पोकळी असते, बोगद्यासारखी लांबलचक. बोगदा तोंडाकडून पाहिला तर गोल दिसतो. सूर्याच्या कडेला आला तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडूनच पाहत होतो. पृथ्वीपेक्षा कितीतरी पट मोठा बोगदा, आणि क्षेत्राचं संतुलन बिघडल्यावर तो अवकाशात फेकला गेला. ग्रहापेक्षा हे मला फार मोठं वाटतं.

उद्याचा फोटो, खांबाआड सूर्य झाकलेला, आणि आजचा, असे दोन्ही शेजारी ठेवून आईंना दाखवा. सूर्य झाकलेल्या फोटोत गोळा नसेल. तरीही दिसला, तर मूळ फाइल न कापता पाठवा, मी पाहीन.