लॅबचा पासवर्ड फळ्याशेजारी

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. सगळ्या कॉम्प्युटरना एकच पासवर्ड, तोही फळ्याशेजारी कागदावर चिकटवलेला, आणि विंडोज ७ अजून चालूच. सर म्हणतात अँटीव्हायरस आहे ना, मग? काय करू?

उत्तर: अहो, तो कागद आजच काढा! विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेत, नवीन भोक सापडलं तर बुजवणारं कोणी नाही, अँटीव्हायरस एकटा काय काय अडवणार. २०१७ च्या वॉनाक्रायचा, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचा, पॅच (भोक बुजवणारं अपडेट) दोन महिने आधीच आलेला, ज्यांनी टाकला नाही तेच अडकले. मुलांना अ‍ॅडमिन लॉगिन नकोच, आणि फी-निकालाचं ऑफिसचं नेटवर्क लॅबपासून वेगळं करून घ्या, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅकअपची हार्डडिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा, जोडलेली राहिली तर असा व्हायरस आल्यावर तीही लॉक होते.