ठाण्यात 24 लाख की जर्मनीत 60 हजार युरो: हातात जास्त काय पडतं?

पगाराचा आकडा सोडा, कापून काय उरतं ते बघा. ठाण्यात 24 लाखांवर नव्या करपद्धतीत (2025-26), 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून, सेससकट 2,92,500 रुपये कर. व्यवसायकर वर्षाला जेमतेम 2,500. पीएफ कापला तरी तो शेवटी तुमचाच.

जर्मनीत एकट्या माणसाच्या हाती 60 हजारांतले 37-38 हजार युरो येतात. गंमत म्हणजे तिथे आयकरापेक्षा पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा यांचीच कपात मोठी, पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. पण दवाखाना त्यातच आला. इथे मेडिक्लेमचा हप्ता वेगळा. जोडीदार कमावत नसेल तर तिथे कर बराच उतरतो, आपल्याकडे तशी सोय नाही. म्युनिकची ऑफर असेल तर मात्र आधी घरभाडं विचारा, ठाण्याचा घोडबंदर रोड स्वस्त वाटेल.