झिणझिण्या, चार्जर आणि माळ्यावरचा व्हिडिओ गेम : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक गंमत दिसली. तक्रार उपकरणाची असते, पण दोष बहुतेक वेळा सापडतो तो भिंत आणि उपकरण यांच्या मधल्या चार-पाच फुटांत. म्हणून आधी वायर, अडॅप्टर आणि प्लगचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : नारायण पेठेत जुन्या वाड्यात राहतो. मुलीचा नवा धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, ‘सगळ्यांनाच येतात.’ बदलून मागावा का?

उत्तर : दुकानदार अर्धं खरं बोलला. लॅपटॉप बहुधा ठणठणीत आहे, गडबड अर्थिंगची आहे. अडॅप्टरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. विजेतला ‘गोंगाट’ दाबणं हे त्याचं काम. त्यातून अगदी किरकोळ प्रवाह लॅपटॉपच्या बाजूला झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. नसेल तर धातूची बॉडी अधांतरी राहते आणि तो तुमच्या हातातून वाट काढतो. शहाबादी फरशीवर अनवाणी बसलं की जास्त जाणवतं, पायात चप्पल घातली की थांबतं. टेस्टर लावला तर दिवा मिणमिणेल, मल्टिमीटर ९०-१०० व्होल्टही दाखवेल. घाबरू नका. प्रवाह मिलिअँपिअरच्या छोट्या अंशाएवढाच असतो. मात्र झिणझिण्यांच्या जागी स्पष्ट झटका बसत असेल, तर तो अडॅप्टर त्याच क्षणी बाजूला ठेवा.

आता तपासणी. अडॅप्टरचा प्लग दोन पिनांचा असेल, तर त्याच लॅपटॉपसाठी कंपनीची तीन पिनांची वायर मिळते का ते आधी बघा. तीन पिनांचाच असेल तर सॉकेट तपासा. समोरून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल साधारण २३० यायला हवेत, फेज-अर्थही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ५० किंवा १२० असा विचित्र आकडा आला, तर त्या भोकाच्या मागे वायरच नाही असं समजा. जुन्या वाड्यांत हे सर्रास असतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे एखाद्या वायरमनने न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगला जोडून ठेवलेला असतो. तो पकडायची युक्ती सांगतो. त्याच बोर्डावर इस्त्री चालू करा आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. इस्त्रीच्या लोडमुळे न्यूट्रलवर व्होल्ट-दोन व्होल्ट चढायला हवेत. काटेकोर शून्यच राहिलं, तर जोड दिलेली असण्याची शक्यता मोठी. अशा घरात कधी न्यूट्रल तुटला, तर फ्रिजपासून लॅपटॉपपर्यंत प्रत्येक धातूच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) दोन्ही करून घ्या. तोपर्यंत लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय वायर लावताना दोन्ही बंद ठेवा. अधांतरी बॉडीमुळे पोर्ट जळतात, आणि ते वॉरंटीत बसवून घेताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : ६५ वॅटचा टाइप-सी अडॅप्टर घेतला, तरी लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ असा निरोप देतो. अडॅप्टर बनावट आहे का? (बाणेर)

उत्तर : आधी वायरवर संशय घ्या. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर. साधी टाइप-सी वायर फक्त ३ अँपिअरपर्यंत नेते, म्हणजे ६० वॅट. त्यापुढे जायला वायरच्या टोकात ओळख सांगणारी एक चिप लागते. ती सापडली नाही की अडॅप्टर मुकाट्याने खाली उतरतो. १०० किंवा २४० वॅट लिहिलेली वायर घ्या. सॅमसंगच्या ४५ वॅट फोनचंही दुखणं हेच आहे, त्यालाही ५ अँपिअरची वायर लागते.

वायर बदलूनही तेच होत असेल, तर अडॅप्टरवरचं बारीक अक्षरांतलं ‘आउटपुट’ वाचा. तिथे २० व्होल्टची ओळ नसेल, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही. दोन पोर्टांचा अडॅप्टर असेल तर दुसऱ्या पोर्टात फोन लावला की ६५ वॅटची वाटणी होते, बहुधा ४५ आणि २०. आणि चपट्या जुन्या ए-पोर्टाला सी-वायर लावून लॅपटॉप चार्ज होण्याची वाट बघू नका. बनावटपणाची शंका उरलीच, तर अडॅप्टरवर ‘आर’ आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. निर्माता आणि वस्तू जुळली नाही, तर दुकानात परत.

प्रश्न : १२० हर्ट्‌झचा ४के टीव्ही आणि पीएस५ दोन्ही आहेत, पण कन्सोल ६० हर्ट्‌झच दाखवतो. (कोथरूड)

उत्तर : टीव्हीच्या मागे वाकून बघा. चार एचडीएमआय पोर्ट असले, तरी ४के १२० चालणारे अनेकदा दोनच असतात आणि शेजारी तसं छापलेलं असतं. त्यातलाच एक ईआर्कचा, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा असतो, आणि तो हमखास साउंडबारने अडवलेला असतो. साउंडबारमधून कन्सोल जोडला असेल तर तोही काढा. बरेच साउंडबार जुन्या १८ गिगाबिटच्या मर्यादेतच अडकतात. वायर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हवी, खोक्यावर स्कॅन करता येईल असं लेबल असलेली. पीएस५ बरोबर आलेली वायर जपून ठेवली असेल, तर नवी घ्यायची गरजच नाही.

त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टापुरता सिग्नल ‘एन्हान्स्ड’ करावा लागतो. सोनीत त्याला एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट म्हणतात, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण पोर्ट बदलला की हे सेटिंग त्याच्याबरोबर येत नाही. मग कन्सोलमध्ये व्हिडिओ आउटपुटखाली १२० हर्ट्‌झ ‘ऑटोमॅटिक’ आणि गेम प्रीसेटमध्ये ‘परफॉर्मन्स मोड’. तरीही ६०च, तर तो गेमच १२०चा नाही.

एवढं करून काहीच हाती लागलं नाही, तर टीव्हीचं स्पेसिफिकेशन पुन्हा वाचा. ‘मोशन रेट १२०’ किंवा ‘एमईएमसी’ असं लिहिलेला पॅनल बऱ्याचदा ६०चाच असतो. मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः रचून घालतो. गेमसाठी ही रचना बंदच ठेवावी, त्याने बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ वाढतो.

प्रश्न : ५५ इंची ८के टीव्ही घ्यावा का? सोफा दहा फुटांवर आहे.

उत्तर : नको. त्या अंतरावरून ४केचेसुद्धा ठिपके वेगळे दिसत नाहीत.

प्रश्न : कंट्रोलरची स्टिक सोडली तरी गाडी आपोआप डावीकडे वळते. दुकानात ‘हॉल इफेक्ट’ बसवून देतो म्हणतात. करावं का? (हडपसर, वय १५)

उत्तर : यालाच ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या दोन बाजूंना कार्बनच्या पट्टीवर घासणारी पत्ती असते. हजारो वेळा घासून पट्टी झिजते, कार्बनची भुकटी तिथेच साठते आणि ‘मधोमध’चा व्होल्टेज सरकतो. आधी गेममध्ये डेडझोन (स्टिकची मधोमधची जी हालचाल गेम मोजत नाही तो भाग) थोडा थोडा वाढवून बघ. ड्रिफ्ट हलका असेल तर तेवढ्याने भागतं. त्यानंतर कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाक, स्टिक गोल-गोल वीस-तीस वेळा फिरव आणि अर्धा तास वाळू दे. भुकटीमुळे असेल तर आराम पडेल, पण पट्टीच झिजली असेल तर आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. डब्ल्यूडी-४० मात्र अजिबात मारू नकोस, त्याचा तेलकट थर आत राहतो.

हॉल इफेक्टमध्ये घासण्याऐवजी चुंबक आणि सेन्सर असतो, म्हणून तिथे झीज होत नाही. गोष्ट चांगली आहे, पण बसवणं नाजूक. ड्युअलसेन्ससारख्या कंट्रोलरमध्ये एका स्टिकचे १४ जोड सोल्डरचे असतात, आणि त्यातले ‘ग्राउंड’चे जोड बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या थरात उष्णता पळवतात. घाईत ओढलं की बोर्डावरची तांब्याची रेघच उखडते. दुकानदाराला दोनच प्रश्न विचार : जुनं सोल्डर कशाने काढता, आणि नंतर कॅलिब्रेशन करून देता का? दुसऱ्याला ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं, तर कंट्रोलर उचलून घरी ये. कॅलिब्रेशन केलं नाही तर नवी स्टिकही मधोमध बसत नाही. कंट्रोलर वॉरंटीत असेल तर उघडूच नकोस. आणि नवीन म्हणजे हॉलच असेल असं धरून चालू नकोस. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या जॉय-कॉनमध्येही निन्टेंडोने ते वापरलेलं नाही.

प्रश्न : धायरीत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की घरून काम ठप्प. राउटरचा मिनी यूपीएस किती तास चालेल? (तो ‘१०,००० एमएएच’चा आहे.)

उत्तर : एमएएच बाजूला ठेवा, वॅट-तास काढा. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. १२ व्होल्टपर्यंत चढवताना थोडे वाया जाऊन हातात तीसेक उरतात. राउटरवर १२ व्होल्ट १ अँपिअर छापलेलं असलं, तरी तो प्रत्यक्षात साधारण ७ वॅट खातो, म्हणजे चारेक तास. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोघांची बेरीज करा आणि तास निम्मे धरा. सकाळी दहा ते पाच वीज नसेल, तर हा यूपीएस पुरणार नाही.

घ्यायला जाताना राउटरचा अडॅप्टर बरोबर न्या. पिन बाहेरून ५.५ मिलिमीटरचीच दिसते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं; मोठ्या भोकाची चुकीच्या जागी बसते खरी, पण हलली की राउटर बंद पडतो. आणि एक गोष्ट आधी विचारून घ्या. तुमच्या घरापर्यंत सरळ फायबर आली आहे, की सोसायटीच्या डक्टमधल्या स्विचमधून (घराघरांत इंटरनेट वाटणाऱ्या डब्यातून) साधी लॅन वायर? दुसरं असेल तर तो स्विच वीज जाताच झोपतो, आणि तुमचा यूपीएस रिकाम्या राउटरला जागवत बसतो.

प्रश्न : माळा साफ करताना नव्वदीतला टीव्ही व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, बंदूक आणि ‘९९९९ इन १’ची कॅसेट. नव्या टीव्हीला जोडता येईल का? बंदुकीने बदकं मारायची आहेत. (सदाशिव पेठ)

उत्तर : पहिला अर्धा भाग जमेल, बदकांचं अवघड आहे.

आपल्याकडे आलेले बहुतेक असे गेम म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. चालू करायची घाई नको, आधी अडॅप्टर. बहुधा ९ व्होल्टचा, आणि अनेकदा मधली पिन ‘निगेटिव्ह’ असते, आजच्या अडॅप्टरच्या नेमकी उलट. हाताशी असलेला राउटरचा अडॅप्टर खुपसला, तर आतला भाग जळू शकतो. खोक्याच्या खालचं चिन्ह बघा, मगच लावा. जुना जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर लोड नसताना मीटरवर १२-१३ व्होल्ट दाखवतो, तो बिघाड नव्हे.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीच्या ओलाव्याने संपर्क गंजतात. कापसाच्या काडीवर तेच ९९ टक्के अल्कोहोल घेऊन पिना पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत, आणि दहा मिनिटं वाळू द्या. (९९९९चं म्हणाल, तर खरे गेम मोजकेच असतात, बाकी त्याच गेमची वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरुवात. हे गुपित आता सांगायला हरकत नाही.)

जोडणीसाठी नव्या टीव्हीवर पिवळी-पांढरी-लाल भोकं नसतील, तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर मिळेल. हुबेहूब तसाच दिसणारा ‘एचडीएमआय टू एव्ही’ही मिळतो, म्हणून डबीवरचा बाण बघून घ्या. त्याला ५ व्होल्टची यूएसबी वायर वेगळी लावावी लागते. चित्र काळं-पांढरं किंवा लोळत आलं, तर बाजूचा पाल-एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) खटका बदला.

आता बंदूक. ती गोळी वगैरे काही मारत नाही, ती बघते. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतल्या सेन्सरला नेमक्या त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल आल्या आल्या रंगवत जायचा. एलईडी टीव्ही आणि कन्व्हर्टर मिळून चित्र काही फ्रेम उशिरा दाखवतात, तोवर गेमने ‘चुकला’ असं ठरवलेलं असतं. गेम मोडने उशीर कमी होतो, शून्य होत नाही. त्यामुळे कितीही महागाचा कन्व्हर्टर आणलात तरी बदक उडून जाणार.

हौस भागवायचीच असेल तर पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवार-बुधवारी चक्कर मारून बघा. विकत घेण्याआधी लावून पाहा. चित्र कडेला हिरवं-जांभळं दिसलं तर चुंबकाचा परिणाम असतो, चार-पाचदा बंद-चालू केल्यावर तो बहुधा जातो. चित्र मधेच आक्रसत असेल तर सोडून द्या. आणि मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट तासन्‌तास दबा धरून बसतात.