सरकारी घरांमुळे राहणाऱ्यांचं आयुष्य खरंच सुधारतं का?

सुधारतं, पण नुसतं डोक्यावर छप्पर आलं म्हणून नाही. मी तर आधी लिफ्ट बघेन. अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो नावाची 33 इमारतींची, अकरा मजली वसाहत होती. खर्च वाचवायला तिथल्या लिफ्ट दर तीन मजल्यांनी एकदा थांबायच्या. बाकीच्यांनी जिना चढायचा. देखभालही भाड्यातूनच भागवायची. घरं रिकामी झाली, पैसा आटला, दुरुस्ती रखडली, मग आणखी लोक निघून गेले. 1972 मध्ये पाडकाम सुरू झालं तेव्हा वसाहतीला वीस वर्षंही झाली नव्हती.

सिंगापूरच्या जुन्या सरकारी इमारतींतही लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. तिथे 2001 पासून खास योजना काढून शक्य तिथे ती प्रत्येक मजल्यावर नेली. गुडघे दुखणाऱ्या आजीला विचारा, हा फरक केवढा ते.

व्हिएन्नातली 1930 मध्ये खुली झालेली कार्ल-मार्क्स-होफ ही सरकारी वसाहत बघा. कपडे धुण्याची सोय, बालवाडी, ग्रंथालय, सगळं आवारातच. तिथे आजही लोक राहतात.

कामाचं ठिकाण किती लांब, तेही विचारा. फुकटातलं घरसुद्धा रोज तीन तास प्रवासात घालवायला लावत असेल, तर लोक ते भाड्याने देऊन परत जुन्या जागी जातात.