डीईआयसीची जबाबदारी घेणाऱ्या नव्या समन्वयकाला

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (डीईआयसी), म्हणजे वाढ-विकासात अडचण असलेल्या मुलांना लवकर उपचार देणारं केंद्र, सांभाळायला घेते आहेस, तर पहिले काही महिने रजिस्टरपेक्षा घरं जास्त बघ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तपासणी पथकं अंगणवाडीपर्यंत जाऊ लागली. पण पथकाने चिठ्ठी दिली म्हणजे मूल केंद्रात पोचलं असं नाही. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणणारी आजी, हे सगळं मधे येतं. त्या आजीशी नीट बोलू शकेल असं तुझ्या टीममध्ये कोण आहे, ते आधी हेर.

एकाच बाळासाठी फिजिओ, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक वेगवेगळे व्यायाम सांगतात आणि आई भांबावते. तसं होऊ देऊ नकोस. सगळ्यांना एकत्र बसव, आईलाही, आणि तिच्या दिवसात बसेल असा एकच कार्यक्रम ठरवा. उदाहरणार्थ, आंघोळीनंतर बाळ जागं असताना छातीखाली चादरीची गुंडाळी ठेवून पालथं घालायचं आणि समोर वाटी वाजवायची. मान उचलणंही होतं, आवाजाकडे बघणंही.

श्रवणाच्या बाबतीत मात्र अजिबात थांबायचं नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

आणि या बैठका कायम तूच चालवू नकोस. ज्युनिअरला चालवू दे. तू मागे बस, मधे बोलू नकोस. आईचा कुठला प्रश्न निसटला, ते नंतर त्याला एकट्याला सांग. हे पहिल्याच वर्षी सुरू कर.