आल्प्समध्ये गाईडशिवाय अवघड ट्रेक करायचा असल्यास नियोजन कसे करावे?

सह्याद्रीत अनेक वर्षे भटकलेल्या आणि हिमालयात दोन ट्रेक केलेल्या तुम्हा तिघांना पुढच्या ऑगस्टमध्ये दोन आठवडे आल्प्समध्ये काढायचे आहेत. मों ब्लाँ शिखराची प्रदक्षिणा तुम्हाला फार वर्दळीची वाटते, त्याहून अवघड काही गाईडशिवाय करायचे आहे, आणि नियोजनाची सुरुवात कुठून करावी असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील झरमॅटपर्यंतचा पायी ‘ओत रूत’ निवडावा आणि नियोजन खिंडींच्या उंचीपासून नव्हे, तर घड्याळापासून सुरू करावे.

या नावाचे दोन मार्ग आहेत, हे आधी लक्षात घ्या. मूळ मार्ग ब्रिटिश गिर्यारोहकांनी 1861 च्या सुमारास आखला. तो हिमनद्यांवरून जातो आणि त्यासाठी रोप, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) व हिमभेगांतून माणूस बाहेर काढण्याचा सराव लागतो. हा अनुभव नसेल तर तो मार्ग गाईडशिवाय करू नये, यात मला तडजोडीला जागा दिसत नाही. पायी मार्ग हिमनद्या जवळजवळ पूर्णपणे टाळून एकामागून एक खिंडी ओलांडत जातो, आणि तो पुरेसा कसाला लावणारा आहे. त्रियाँ गावाहून 2665 मीटरवरच्या फनेत्र दार्पेत खिंडीपर्यंत एका दमात सुमारे 1370 मीटर चढावे लागते, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढतो त्याच्या जवळपास दीडपट. त्यानंतर तेवढाच लांब, घसाऱ्याचा आणि मोठ्या दगडांचा उतार त्याच दिवशी उतरायचा असतो.

वाटेची अवघडता स्विस अल्पाइन क्लबच्या टी-1 (सर्वांत सोपी) ते टी-6 (सर्वांत अवघड) या श्रेणीवरून तपासा. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाटा साधारण टी-2 आणि टी-3 मध्ये, तर पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाटा टी-4 आणि त्यापुढे मोडतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी वावरलेल्या माणसाला टी-3 वर उंचीच्या भीतीचा त्रास सहसा होत नाही. मात्र ही श्रेणी कोरड्या वाटेची आणि चांगल्या हवेची असते. त्याच वाटेवर ताजा बर्फ पडला किंवा धुके उतरले, तर कागदावरची श्रेणी उपयोगाची राहत नाही.

आता घड्याळाविषयी. आल्प्समध्ये वापरला जाणारा जुना हिशोब असा: तासाला 300 मीटर चढ, 500 मीटर उतार आणि सपाटीवर 4 किलोमीटर अंतर धरायचे. चढ-उताराचा एकूण वेळ आणि अंतराचा वेळ यांपैकी जो मोठा असेल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. प्राफ्लरी निवाऱ्यापासून आरोला गावापर्यंतचा दिवस घ्या. आधी एक छोटी खिंड, मग 285 मीटर उंच धरणामागे पसरलेल्या दिस जलाशयाच्या काठाने लांब चाल, नंतर 2919 मीटरवरची रीडमॅटन खिंड आणि शेवटी सुमारे 900 मीटर उतार. चढ एकूण 700 मीटर, उतार 1350 मीटर आणि अंतर 16 किलोमीटरच्या आसपास धरले, तर चढ-उताराचे पाच तास आणि अंतराचे चार तास होतात. म्हणजे सात तास, आणि यात जेवण, विश्रांती किंवा वाट चुकणे यांपैकी काहीही धरलेले नाही. पाठीवर सॅक घेऊन सलग सहाव्या-सातव्या दिवशी चालणाऱ्यांनी नऊ तास धरावेत. ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येतात, म्हणून बारा वाजायच्या आत खिंड ओलांडलेली असली पाहिजे. तेव्हा निवाऱ्यातून साडेसहाला निघणे आवश्यक ठरते, आणि म्हणून न्याहारीची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावी लागते. असा उलटा हिशोब प्रत्येक दिवसासाठी घरी बसून, स्विस सरकारचे 1:25,000 प्रमाणाचे नकाशे समोर ठेवून करा.

याच दिवशी एक निर्णयही घ्यावा लागतो. रीडमॅटनला लागूनच पा द शेव्र ही 2855 मीटरची खिंड आहे आणि तेथे कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवरून चढून जातात. रीडमॅटनची घळ उभी व घसाऱ्याची आहे, तर शिड्यांवर उंचीची भीती वाटू शकते. तिघांपैकी सर्वांत बिचकणाऱ्याने दोहोंतून निवड करावी. असे निर्णय कोण आणि कशाच्या आधारावर घेणार, हे पुण्या-मुंबईतच ठरवून ठेवलेले बरे. वेर्नर मुंटर या स्विस गाईडने हिमस्खलनाचा धोका जोखण्यासाठी मांडलेली पद्धत उन्हाळ्यातही उपयोगी पडते. परिस्थिती, भूभाग आणि माणसे या तिन्ही गोष्टी तीनदा तपासायच्या: घरी, प्रत्यक्ष जागेवर पोहोचल्यावर आणि त्या विशिष्ट उतारावर पाऊल ठेवण्यापूर्वी.

वाटांची ताजी माहिती मिळवण्याचा आग्रह मी विशेष धरेन. गोठलेली जमीन वितळत असल्याने कडे ढासळत आहेत. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधील पिझ चेंगालो या शिखरावरून कोसळलेल्या दरडीत आठ पदयात्रींचा जीव गेला. तुमच्या मार्गाच्या शेवटी असलेल्या ऑयरोपावेग या पायवाटेवर 2010 मध्ये बांधलेला झुलता पूल दगड कोसळून निकामी झाला आणि 2017 मध्ये त्याच्या जागी 494 मीटर लांबीचा नवा पूल उभा राहिला. त्या वाटेचे काही भाग अधूनमधून बंद होतात, म्हणून आदल्या मुक्कामाच्या निवारा-रक्षकाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका.

मुक्कामांचे आरक्षण प्राफ्लरीपासून सुरू करा, कारण त्या भागात दुसरे पर्याय फार थोडे आहेत आणि तिथली तारीख ठरली की बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवता येतात. दोन दिवस मोकळे ठेवा. सुदैवाने मार्गावरच्या बहुतेक खोऱ्यांत बस येते, त्यामुळे हवा बिघडल्यास एखादा टप्पा सोडून पुढे जाता येते. नाव नोंदवलेल्या निवाऱ्याला मात्र फोन करून कळवलेच पाहिजे, नाहीतर तुमचा शोध सुरू होऊ शकतो.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, पण त्यात डोंगरातील हेलिकॉप्टर बचाव आणि तुमच्या उंचीवरचा ट्रेक धरलेला आहे का, हे पॉलिसीत लेखी पाहा. हा मार्ग बहुतांशी स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातून जातो. तेथे बचावासाठी 144 हा क्रमांक आहे, आणि 112 सर्वत्र चालतो. फोनला रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवावी किंवा प्रकाश दाखवावा, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच करावे. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येते. हा संकेत तिघांनाही पाठ असू द्या.