हिऱ्याचं पाणी वेगळं, रंग वेगळे

प्रश्न असा आहे: नाशिकच्या सराफ बाजारात आजीच्या हिऱ्याच्या कुड्या दाखवल्या, तर सराफ म्हणाले, ‘पाणी छान आहे.’ पांढऱ्या उजेडातही हिऱ्यातून लाल-निळे रंग चमकतात, त्यालाच पाणी म्हणायचं का?

नाही. पाणी म्हणजे तेज, झळाळी. म्हणून तर मोत्याचंही पाणी बघतात. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेजही. आपण ‘आब राखून’ वागतो तो हाच आब. ‘आबरू’चा शब्दशः अर्थ तर तोंडावरचं पाणी! मोत्याचं पाणी उतरतं आणि माणसाची आबरू जाते, दोन्हीत मूळ कल्पना एकच.

रंगांची गोष्ट निराळी. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. हिऱ्यात शिरताना आणि बाहेर पडताना तांबडा कमी वळतो, जांभळा जास्त. अपवर्तनांकाच्या, म्हणजे उजेड किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्याच्या भाषेत तांबड्याला सुमारे २.४१, जांभळ्याला २.४५. फरक एवढासाच, पण हिऱ्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून जास्त तिरपा उजेड पैलूवरून आतच परततो तो कोन, जेमतेम २४ अंशांचा, त्यामुळे आत शिरलेला उजेड सहजी सुटत नाही. या पैलूवरून त्या पैलूवर आपटत तो वरून बाहेर येतो, तोवर रंगांची फारकत झालेली असते. पाठ्यपुस्तकात याला ‘अपस्करण’ म्हणतात, हिऱ्यांच्या धंद्यात ‘फायर’. मी ‘रंग फाकणे’ म्हणेन. प्रभा फाकते, तसे रंग फाकतात.

‘पैलू’ही फारसीच; पहलू म्हणजे बाजू, कूस. त्याचं महत्त्व बघायला आपल्या त्र्यंबकेश्वरच्या देवळातला हिरा आठवावा. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तो इंग्रजांच्या हाती लागला आणि नाशिकवरूनच जगभर ‘नासक’ झाला. आपल्या कारागिरांनी वजन राखून तो घडवला होता. लंडनला झळाळीसाठी त्याला पुन्हा पैलू पाडले, वजन घटलं तरी. १९४० साली अमेरिकेत आणखी एकदा घडवल्यावर तो ४३.३८ कॅरटचा उरला.

आणि हो, घरी ट्यूबलाइटखाली रंग दिसले नाहीत म्हणून आजीच्या कुड्यांवर शंका घेऊ नका. पसरट उजेड सगळीकडून येतो, फाकलेले रंग पुन्हा एकमेकांत मिसळतात. सकाळी दारात कोवळ्या उन्हाच्या तिरपेत कुडी धरा आणि जरा हलवा. आधी समोरच्या भिंतीकडे बघा, रंगीत ठिपके तिथे पळताना दिसतील.